गोंयच्या सायबाकडे जाताना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

येत्या ३० नोव्हेंबरला पहाटे चार वाजता मी सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत निघणार आहे. अंतर साठ-सत्तर किलोमीटर, वाटेत दोन मुक्काम. बरोबर वीस-पंचवीस माणसं असतील, सगळ्यांच्या पुढे एक लाकडी क्रूस असेल. त्या घोळक्यात नमाज पढणारा मी एकटाच.

३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना सुरू होते. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. लॅटिनमधल्या नऊ या आकड्यावरून आलेला शब्द. या दिवसांत जुन्या गोव्यात पहाटेपासून मिस्सा चालू असतात. कोकणीत, इंग्रजीत आणि इतर भाषांतही. सिंधुदुर्गातून, बेळगावातून, कारवारातून लोक पायी येतात. सगळे ख्रिस्तीच असतात असं नाही, हिंदूही असतात. मुसलमान किती असतात, ते मी आल्यावर सांगेन.

घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "जुम्म्याला मशिदीपर्यंत जायचं तर तुमचे गुडघे दुखतात, आणि गोव्याला चालत जायला नाही दुखत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी तर विषयच संपवला. म्हणाले, "कवी लोकांचं काय, त्यांना सगळं चालतं." त्यात राग कमी होता आणि माझी कीव जास्त. पण मला सगळं चालत नाही. म्हणून तर निघण्याआधी हा विचार करत बसलोय.

आधी कारण सांगतो. माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे, कॅथलिक. बावीस वर्षं तो दर नोव्हेंबरात चालत जुन्या गोव्याला जातो. जायचा, असं म्हणायला हवं. गेल्या पावसाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही अडखळली. हात थोडाफार परत आला, पाय नाही आला. ऑक्टोबरात मी त्याच्याकडे बसलो होतो, तेव्हा वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, यंदा यांच्या वतीनं तुम्ही जाल का?" मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं उशीखालची वही काढली आणि डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात लिहिलं, 'बूट नवे घेऊ नको.' म्हणजे मी जाणार हे त्यानं गृहीत धरलं होतं. सल्ला फक्त बुटांबद्दल होता.

माझे वडील गेले तेव्हा हाच माणूस जनाज्याला खांदा देत कब्रस्तानापर्यंत आला होता. आमच्यात मय्यतीला खांदा देऊन निदान चाळीस पावलं चालावं असं मानतात. हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, तो मनातल्या मनात मोजत होता. चाळीस झाली तरी त्यानं खांदा सोडला नाही. आपल्या पाद्रीबाबांना विचारून आला नव्हता. आता मी कुणाला विचारायला जावं?

पण मित्रासाठी जायचं म्हटलं तरी कुणाकडे जातोय, हे माहीत नको का?

फ्रान्सिस झेवियर मूळचा गोव्याचा नव्हे. १५०६ साली नवारमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनच्या उत्तर भागात, त्याचा जन्म झाला. पॅरिसला शिकायला गेला, तिथे इग्नेशियस लोयोला भेटला आणि त्यांच्या सोबत्यांतूनच पुढे जेझुइट पंथ उभा राहिला. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन रस्त्यानं वाजवत जायचा आणि मुलांना, नोकरचाकरांना शिकवणीला गोळा करायचा, असं त्याच्या चरित्रांतून वाचायला मिळतं. गोव्यात मात्र तो फार थोडा राहिला. तामिळ किनाऱ्यावरचे मोती काढणारे कोळी, मलाक्का, मसाल्याची बेटं, मग १५४९ साली जपान. चीनमध्ये शिरायची वाट बघत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी किनाऱ्याजवळच्या सांचान बेटावर तापानं तो वारला. वय शेहेचाळीस. दहा वर्षांत एवढा समुद्र कापणाऱ्या माणसाकडे आम्ही चार गावं ओलांडून चालत जाणार, म्हणजे त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही.

पुढची हकिकत त्याच्या देहाची. हाडं लवकर मोकळी व्हावीत आणि नेता यावीत म्हणून पेटीत चुना घालून त्याला पुरलं होतं. अडीच महिन्यांनी पेटी उघडली तर देह जसाच्या तसा. आधी मलाक्का, मग मार्च १५५४ मध्ये गोवा. १६१४ साली उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग काढून रोमला नेला; तो तिथल्या जेझुइट चर्चमध्ये आहे. १६२२ साली पोपनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. बॉम जेझू बॅसिलिकात तो ठेवला आहे त्या चांदीच्या पेटीचं काम सतराव्या शतकातल्या गोव्याच्या कारागिरांचं, आणि खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेला. तो १६९८ साली बसवला. बॅसिलिका बाहेरून बिनगिलाव्याची, तांबड्या जांभ्याची. आमच्या घराच्या भिंतीही जांभ्याच्याच. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला परकी वाटली नाही, त्याचं कारण बहुधा एवढंच असेल.

लोकांना देहाचं जवळून दर्शन दहा वर्षांतून एकदा घडतं. या रिवाजाची सुरुवातही गमतीची आहे. पोर्तुगालच्या सरकारनं १७५९ साली जेझुइटांना हाकललं. मग अफवा उठली की जाता जाता ते संताचा देह घेऊन गेले आणि पेटीत भलतंच काही ठेवलं. ती खोडून काढण्यासाठी १७८२ साली देह सगळ्यांना दाखवला. म्हणजे सुरुवात झाली ती शंका फेडण्यासाठी. अठरावं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. मित्र तेव्हा चालत गेला होता, रांगेत तासन्‌तास उभा राहिला होता. आल्यावर मी विचारलं, काय दिसलं? म्हणाला, "एक म्हातारा माणूस. खूप दमलेला." आता ते दर्शन नाही. पेटी वर, उंचावर असते. खालून मान वर करून बघायचं आणि पुढे सरकायचं.

गोव्यातले लोक त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात. गोव्याचा साहेब. हा शब्द मला फार आवडतो. 'साहेब' मुळात अरबी. सोबती, धनी असे त्याचे अर्थ. पैगंबरांच्या सोबत्यांना आम्ही 'सहाबा' म्हणतो, तोही याच मुळातला. स्पेनमध्ये जन्मलेला, चीनच्या दारात मेलेला एक पाद्री, त्याला कोकणी माणसानं अरबी शब्दानं हाक मारली. अशी हाक कुठल्या समितीनं ठरवून होत नाही.

आता अडचणीचं बोलतो. अडचणी दोन आहेत, एक दीनाची आणि एक इतिहासाची.

दीनाची सोपी आहे असं नाही, पण ओळखीची आहे. अल्लाहशिवाय कुणाकडे मागायचं नाही, हा आमच्या श्रद्धेचा पाया. मग संताच्या पेटीसमोर जाऊन काय करायचं? कॅथलिकांना विचारलं तर ते सांगतात की आम्ही संताची पूजा करत नाही. तो देवाच्या जवळ आहे, म्हणून आमच्यासाठी देवाकडे मागणं कर, असं त्याला सांगतो. हे ऐकलं आणि मला हसू आलं. आमच्याकडे दर्ग्यात जाणारे अगदी हेच सांगतात, आणि न जाणारे त्यावर अगदी तसेच चिडतात. ख्रिस्ती लोकांतही प्रोटेस्टंट मंडळींना हे मान्य नाही. म्हणजे हे भांडण दोन धर्मांमधलं नाही, प्रत्येक घरातलं आहे. माझे आजोबा दर्ग्यात जायचे, वडील नाही जायचे, मी उरुसाला कव्वाली ऐकायला जातो.

मी माझ्यापुरतं असं ठरवलंय. मिस्सा चालू असताना मी मागच्या बाकावर बसेन. सगळे उठून कम्युनियन घ्यायला जातील तेव्हा जागेवरून हलणार नाही. तो प्रसाद नव्हे. ख्रिस्ताचं शरीर म्हणून, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकानं आधी मन साफ करून घ्यायची गोष्ट आहे ती. परक्यानं आदर दाखवायचा तर तो न घेऊनच दाखवायचा. 'आम्हाला सगळं सारखंच' म्हणत हात पुढे करणारे पाहुणे मला फारसे पटत नाहीत. वाटेत ते रोझरीची माळ जपतील, तेव्हा मी गप्प चालेन. नमाजाच्या वेळी रस्त्याच्या कडेला सावली बघेन. म्हापशाला आणि पणजीला तर मशिदी आहेतच.

इतिहासाची अडचण जास्त कठीण आहे.

जुन्या गोव्यात सगळ्यात मोठं चर्च आहे सें कॅथेड्रल. ते संत कॅथरीनच्या नावानं आहे. का, तर २५ नोव्हेंबर हा तिचा सण आणि १५१० साली त्याच दिवशी अफोन्सो द आल्बुकेर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतला. घेतल्यावर काय केलं, ते त्यानं राजाला स्वतःच कळवलंय. सापडेल तो मुसलमान कापला, बायकापोरांनाही सोडलं नाही, मशिदींत कोंडून जाळलं. सहा हजारांचा आकडा त्यानं दिला आहे. हिंदू शेतकऱ्यांना हात लावू नका, असं बजावल्याचंही लिहिलंय. ज्या चर्चमध्ये दर दहा वर्षांनी संताचा देह दर्शनासाठी नेतात, त्या चर्चचं नाव असं पडलं आहे. नोव्हेनाच्या दुसऱ्या दिवशी ही तारीख येते. कुणी तिचा फारसा उल्लेख करत नाही.

मांडवीच्या धक्क्यावरून वर आलं की व्हाइसरॉयची कमान लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वास्को द गामाच्या वंशातल्या व्हाइसरॉयनं ती उभारली. नंतर पडली, १९५४ साली पुन्हा बांधली. कमानीच्या एका अंगाला एक स्त्री आहे. हातात तलवार, आणि पायाखाली एक फेटेवाला आडवा पडलेला. ती संत कॅथरीन आणि पायाखालचा आदिलशहा, असं सांगितलं जातं. खरं तर गोवा पडण्याआधीच यूसुफ आदिलशहा वारला होता, असं मानलं जातं. पण दगडाला एवढा तपशील लागत नाही. कॉलेजची सहल गेली होती तेव्हा गाइडनं ती मूर्ती दाखवली, तेव्हा मित्रांनी चोरून माझ्याकडे पाहिलं होतं. मी पण फेटेवाल्याकडे पाहण्याऐवजी नदीकडे पाहिलं होतं.

आणि खुद्द संत? १६ मे १५४६ रोजी मसाल्याच्या बेटांवरून, आंबोइनाहून, त्यानं पोर्तुगालच्या राजाला एक पत्र लिहिलं. इथे कित्येक लोक देवाचं भय न बाळगता मोझेसच्या नियमानं आणि महंमदाच्या पंथानं राहतात, तेव्हा गोव्याला इन्क्विझिशन पाठवा, असा त्याचा आशय. इन्क्विझिशन म्हणजे धर्म तपासणारं न्यायालय. रोख बाप्तिस्मा घेऊनही जुनं न सोडणाऱ्यांवर होता. ते गोव्यात सुरू झालं १५६० साली, त्याला मरून आठ वर्षं झाल्यावर. मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्याचा सगळ्यात जास्त जाच झाला तो धर्म बदललेल्या साध्या माणसांना. घरात तुळस लावली, जुन्या पद्धतीनं लग्नातली गाणी म्हटली, एवढ्यावरून ओढून नेलेले लोक. म्हणजे आज जे भक्तीनं रांगेत उभे असतात, त्यांचेच पूर्वज.

हे मी मित्राला एकदा ऐकवलं होतं, तोंड असं करून की जणू आता तू उत्तर दे. तो तेव्हा धडधाकट होता. म्हणाला, "पत्र त्यानं लिहिलं हे खरं. पण माझी आई आजारी मुलाला घेऊन त्याच्याकडे गेली, ते पत्र वाचून नाही गेली." आजारी मुलगा म्हणजे तो स्वतः. यावर मला वाद घालता आला असता. इतिहास न वाचणं हे काही उत्तर नव्हे, असं मी आजही म्हणेन. पण त्याच्या आईसमोर म्हणणार नाही.

माझ्यासाठी आणखी एक वाट आहे, ती भाषेची. झेवियरनंतर काही वर्षांनी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात आला. साष्टीत त्यानं जवळजवळ चाळीस वर्षं काढली आणि मराठीत एक पुराण लिहिलं, ज्ञानोबांच्या ओवीत. जवळपास अकरा हजार ओव्या. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल इथं छापलं गेलं. अक्षर रोमन, भाषा मराठी, कारण नागरी खिळे तिथे नव्हते. त्यात त्यानं मराठीचं जे कौतुक केलंय, ते बी.ए.च्या वर्गात सरांनी आम्हाला वाचून दाखवलं होतं. शेजारच्या बाकावर हा मित्र होता. तास संपल्यावर तो म्हणाला, आमच्या पाद्रीनं तुमच्या मराठीला सर्टिफिकेट दिलं बघ. मी म्हणालो, तुमच्या म्हणजे कुणाच्या? आम्ही दोघं हसलो, कारण 'तुमचं मराठी छान आहे हो' हे दोघांनाही आठवड्यातून एकदा ऐकावं लागायचं. सतराव्या शतकातच श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहीत होते. त्यांनाही कुणी ना कुणी हे म्हटलंच असणार.

ज्या राजवटीनं माणसं जाळली त्याच राजवटीच्या छायेत मराठीतलं एक मोठं काव्य झालं. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जातं असं मला वाटत नाही, आणि जमाखर्च मांडायचा माझा विचारही नाही. जुन्या गोव्यात पोचल्यावर मी आधी खाली, नदीकडे जाणार आहे. कमानीपाशी उभं राहायचं, यावेळी फेटेवाल्याकडे नीट बघायचं, आणि १५१० च्या नोव्हेंबरात मेलेल्यांसाठी फातेहा पढायची. त्यांच्या कबरी कुठे आहेत ते कुणी दाखवू शकत नाही, म्हणून तिथेच. मग चढ चढून बॅसिलिकाकडे.

वारीशी तुलना करायचा मोह मी आवरणार आहे. कुणी पायी निघालं की आपण लगेच वारी म्हणतो. वारीत पालखी चालते, संत लोकांबरोबर रस्त्यावर असतात. इथे संत तिकडे पेटीत आहे आणि लोक एकटे चालतात. पहिला मुक्काम पत्रादेवीच्या आसपास. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या, ती ही हद्द. तिथे स्मारक आहे. दुसरा मुक्काम म्हापशाला. तिसऱ्या दिवशी मांडवी ओलांडून पणजी, मग रायबंदरचा बांध. तीनेक किलोमीटरचा, सतराव्या शतकातला, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला खाजण. मित्राच्या मते खरी परीक्षा तिथे. पाय सुजलेले असतात आणि समोर रस्ता सरळ दिसत राहतो, वळण नाही म्हणून संपेल असं वाटतच नाही.

आता मुख्य काम. बॅसिलिकाबाहेर फेस्ताच्या दिवसांत दुकानं लागतात. खाजें, चणे, खेळणी, आणि मेणाचे अवयव. हात, पाय, डोळे, तान्ही बाळं. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं घेऊन संताला अर्पण करायचं. वहिनींनी मला पैसे दिलेत, एक पाय आणि एक मेणबत्ती घ्यायला. आठ दिवस ते पाकीट माझ्या टेबलावर होतं. मी मूर्तिपूजेवर, शिर्कवर विचार करत होतो, पुस्तकं काढत होतो. मग एका रात्री लक्षात आलं की यात माझं मागणं कुठेच नाही. मागणं त्यांचं आहे, पैसे त्यांचे आहेत. मी नेऊन पोचवायचं आहे. याला आमच्याकडे अमानत म्हणतात. कुणी विश्वासानं हाती दिलेली वस्तू जिथे सांगितली तिथे पोचवणं, यात पळवाट नाही. पोचवल्यावर माझी दुआ मी माझ्या पद्धतीनं मागेन, ती कुणी अडवलेली नाही.

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढे दिवस काय करत होता?" आणि जुन्या बुटांत घालायला कापसाच्या पट्ट्या शोधायला गेली. गोळ्यांचा डबा तिनं भरलाय. साखर आहे, त्यामुळे खाजें खायचं नाही असंही बजावलंय.

काल निरोप घ्यायला गेलो होतो. मित्र बोलायचा प्रयत्न करत होता, एक शब्द पुन्हा पुन्हा, मला लागत नव्हता. वहिनींना लागला. "ते म्हणतायत, पाय उजवा घ्या. गर्दीत दुकानदार हाताला लागेल तो देतो, मग डावाच येतो." वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय, उजवा.